राजधानीतील वास्तूचे मोल कोण ठरविते?

आज विजयादशमी. शमीपूजन, आपट्याची पाने आणि सीमोल्लंघन यांचा हा मंगल दिवस. आमच्या पिढीने सीमोल्लंघन म्हणजे गावाची शीव ओलांडून देवीच्या दर्शनास जाणे, एवढेच जाणले. आता नांदेड-लातूरची मुले शिकूनसवरून खरेखुरे सीमोल्लंघन करतात आणि राज्याच्या राजधानीत, मुंबईस, नोकरीला लागतात. मग दसरा जवळ आला की घरोघर एकच विषय निघतो. मुहूर्तावर तेथे सदनिका नोंदवावी काय? आणि त्यासाठी कंधार-औशाकडील वडिलोपार्जित रान विकावे काय? कीर्तनाच्या निमित्ताने या दोन्ही जिल्ह्यांत फिरताना आम्हांस हा प्रश्न विचारला जातो, तो बहुधा मुहूर्ताच्या अंगाने. आमचे म्हणणे असे की, मुहूर्ताआधी मोलाचा विचार व्हावा.

'वस्तु' आणि 'वास्तु' हे दोन्ही शब्द संस्कृत वैयाकरण 'वस्', म्हणजे राहणे, या एकाच धातूपासून साधतात. दोहोंत अंतर एका कान्याचे. परंतु वस्तू विकावी आणि वास्तूत राहावे, हा विवेक त्या कान्यात आहे. राजधानीत तो पुसट झाला आहे.

सिमेंटची गोणी आणि लोखंडाची सळई यांच्या भावात लातूर व दादर येथे फारसे अंतर नसते. मग सदनिकेच्या किमतीत एवढे अंतर का? कारण मुंबईत आपण भिंती विकत घेत नाही, जागा विकत घेतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसविली गेली. तेथे सर्वांची चिंता भिंत टिकेल काय, ही होती. मुंबईत भिंतीची चिंता दुय्यम. स्टेशनपासून घर किती पावलांवर, यावर भाव ठरतो.

ही जागा मूळची मोलाची होती काय? 1668 मध्ये इंग्रज राजाने मुंबईची बेटे ईस्ट इंडिया कंपनीस दिली, तेव्हा त्यांचे भाडे ठरले वर्षाला अवघे 10 पौंड! पुढे बंदर वाढले, 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, गिरण्या उभ्या राहिल्या, कचेऱ्या आल्या. मराठवाड्याने कापूस दिला, कोकण-घाटाने माणसे दिली. त्या भूमीचे मोल असे सर्वांच्या श्रमाने वाढले. त्याचे फळ मात्र ज्याच्या नावे भूखंड, त्याच्या पदरी पडले.

तीन बाजूंस समुद्र, यास्तव जागा तोकडी, हे खरे. तथापि सारा दोष समुद्राच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. टंचाई नियमांनीही निर्माण होते. भूखंडावर किती बांधावे याचे प्रमाण म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. 1991 च्या नियमावलीत तो मूळ शहरासाठी 1.33 आणि उपनगरांसाठी सर्वसाधारणपणे 1 होता. म्हणजे उपनगरात 1000 चौरस फुटांच्या जागेवर सर्व मजले मिळून 1000 फूटच बांधकाम. त्याहून अधिक बांधावयाचे तर अधिमूल्य भरावे किंवा दुसऱ्याचा विकासहक्क विकत घ्यावा लागतो. तो भार बहुतांशी घेणाऱ्याच्या हप्त्यात येऊन बसतो.

दुसरा नियम भाड्याचा. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 सालच्या पातळीस बांधली. त्या काळी भाडेकरूच्या रक्षणार्थ ते योग्यच होते. परंतु ते बंधन दशकानुदशके तसेच राहिल्याने भाड्यासाठी चाळ बांधणे कोणास परवडेना. पूर्वी गिरणीत लागलेला माणूस चाळीत खोली घेऊन संसार मांडी. आजच्या मुलास संसारापूर्वी वीस वर्षांचे कर्ज मांडावे लागते.

तिसरे उदाहरण गिरण्यांच्या जमिनीचे. उस्मानशाही गिरणीचा भोंगा ऐकलेल्या नांदेडकरांस गिरणी बंद पडणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. मुंबईत 1982 च्या संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या थंडावल्या. 1991 च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेस, एक घरांसाठी म्हाडास, एक मालकास. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. इमारती पाडून मोकळी होणारी जमीन तीतून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. मीमांसकांनी एकेका पदाच्या अर्थासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले, ते व्यर्थ नव्हते. 'मोकळी जमीन' या दोन पदांचा अर्थ बदलला आणि हजारो सामान्यांची घरे कागदावरच राहिली.

याहून मोठे कारण संचयाचे. 2011 च्या जनगणनेच्या आधारे केंद्राच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीने मुंबईत सुमारे 4.8 लाख घरे रिकामी असल्याचे नमूद केले. त्याच जनगणनेत त्या नगरीतील सुमारे 42 टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. घर राहण्यासाठी नव्हे, तर भाव वाढेल म्हणून घेतले जाते, आणि घेतले जाते म्हणून भाव वाढतो, असे हे चक्र आहे.

भाव चढतच जातात, हा समजही निराधार आहे. अमेरिकेतील यादवीमुळे कापूस महागला तेव्हा मुंबईत समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांस उधाण आले. 1865 मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. 1990 नंतरच्या दशकाच्या मध्यास चढलेले घरांचे भावही पुढे काही वर्षे उतरले होते.

यास्तव मायबाप वाचकांस आमची विनंती आहे. मुहूर्त मन प्रसन्न करतो. तो भाव उतरवीत नाही आणि खोटे कागद खरे करीत नाही. 2017 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार प्रकल्पाची महारेरा नोंदणी पाहावी, प्रत्यक्ष चटईक्षेत्र विचारावे, मुद्रांक शुल्क धरून हिशेब करावा, आणि तेवढ्याच घराचे भाडे व कर्जाचा हप्ता शेजारी शेजारी मांडून पाहावेत. रान एकदा गेले की परत येत नाही. मुलगा मात्र काही वर्षे भाड्याने राहिला म्हणून त्याचे काही उणे होत नाही. शासनाकडेही मागणे हेच की, राजधानीत भाड्याची घरे पुन्हा उभी राहतील असे नियम करावेत.

आज आपट्याचे पान देताना आपण कौत्साचे स्मरण करतो. गुरुदक्षिणेच्या 14 कोटी सुवर्णमुद्रांसाठी तो रघुराजाकडे आला. कुबेराने सोन्याची वृष्टी केली. राजा म्हणाला, सारे ने. कौत्साने गुरूचे देणे तेवढे उचलले आणि उरलेल्यास हात लावला नाही. ज्यांची राजधानीत दोन-तीन घरे कुलुपात आहेत, त्यांनी आजच्या दिवशी एखादे कुलूप उघडून एखाद्या कुटुंबास रास्त भाड्याने आसरा द्यावा. त्या वास्तूत दिवा लागेल, आणि हे सोने खरोखर लुटल्यासारखे होईल.