दाताच्या नावाखाली लपलेला शब्द

मैत्रिणींनो, 'डेंटल डॅम' हा शब्द आपल्या मराठी आरोग्य-पुस्तिकांमध्ये आलाच तर कसा येतो ते पाहा. लिंगसांसर्गिक आजार कसे टाळावेत या प्रकरणात निरोधवर पानभर मजकूर असतो, चित्रासकट. आणि शेवटी एक ओळ – 'डेंटल डॅम इत्यादी साधनंही वापरता येतात.' ते काय असतं, कुणी वापरायचं, अंगाच्या कुठल्या भागावर, कशासाठी, याबद्दल अवाक्षर नाही. वाचणाऱ्या बाईला वाटतं, हे दाताच्या डॉक्टरकडचं काहीतरी असणार. आणि तिचं काय चुकतं? ते आहेच दाताच्या डॉक्टरकडचं.

1864 मध्ये न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड ख्रिस्टी बार्नम या दंतवैद्यानं दात भरताना लाळेचा त्रास होतो म्हणून पातळ रबराच्या तुकड्याला भोक पाडलं आणि त्यातून दात बाहेर काढला. लाळ अडवणारा बांध, म्हणून 'डॅम'. (आपल्या चळवळीत डॅम म्हटलं की नर्मदा आणि मणिबेली आठवते, तो भाग वेगळा.) आजही रूट कॅनाल करताना हे रबर लावतात. दात कोरडा राहतो, बारीक सुई घशात पडत नाही. पुढे 1980 च्या दशकात एड्सची भीती पसरली, तेव्हा पाश्चात्त्य देशांतल्या स्त्रियांनी, विशेषतः स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांनी, दंतवैद्यकीय सामानाच्या दुकानातून हीच जाड, लहानशी रबरं आणली. मुखमैथुनाच्या वेळी योनीवर किंवा गुदद्वारावर ती पसरायची, म्हणजे एकीचं तोंड आणि दुसरीचं अंग यांच्यामध्ये आड काहीतरी राहतं. त्यासाठी खास मोठी, पातळ रबरं नंतर निघाली. नाव मात्र दाताचंच राहिलं.

पुरुषाच्या अंगावर चढवायच्या रबराला आपल्या सरकारनं 1968 मध्ये 'निरोध' हे भारदस्त संस्कृत नाव दिलं, रेडिओवर त्याच्या जाहिराती केल्या, पोस्टरं लावली. बाईच्या अंगासाठीच्या रबराला नाव दातांकडून उसनं! हा योगायोग म्हणून सोडून द्यायचा का? मला तसं वाटत नाही. पुरुषाचं लिंग जिथे आहे तेवढाच संभोग, बाकी सगळे चाळे, अशी जी समजूत आहे तीच या पुस्तिकांमध्ये छापली जाते. 1992 पासूनच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आल्या, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आले, ट्रकचालक आले. स्त्रीशी संबंध ठेवणारी स्त्री कुठल्याच रकान्यात बसली नाही.

एका पुस्तिकेच्या मसुद्यावर काम करताना मी या साधनाबद्दल सात-आठ ओळी साध्या मराठीत लिहिल्या होत्या. बैठकीत त्या खोडल्या गेल्या. खोडणाऱ्या आपल्याच कार्यकर्त्या होत्या, हे मुद्दाम सांगते. कारण असं दिलं की, आपल्या वस्तीतल्या बायकांना हे लागत नाही, हे परदेशी, शहरी खूळ आहे.

परदेशी? कामसूत्रात मुखमैथुनावर स्वतंत्र अध्याय आहे, औपरिष्टक नावाचा. आणि याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 ते 1953 'समाजस्वास्थ्य' चालवलं, स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे असं छापलं आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांनाही हेच सांगितलं गेलं होतं की आपल्या बायकांना हे लागत नाही. 2007 मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण महाराष्ट्रानं रोखलं, तेव्हा आपण त्याविरुद्ध बोललो. मग आपल्याच पुस्तिकेतल्या ओळी आपणच का खोडायच्या?

आणि वस्तीतल्या बायकांना लागत नाही, हे ठरवलं कुणी? त्यांना विचारलं होतं का? 'अंगावरून पांढरं जातं', 'अंग बाहेर येतं', 'खाली आग होते' – इतकं त्या आपल्याला सांगतात, कारण इतकं विचारायला आपण शिकलो. नवऱ्यानं तोंडानं काय केलं, काय करायला लावलं, हे विचारायला आपल्याजवळ शब्द नाहीत. मोबाइलवर पाहिलेलं घरी येऊन करायला लावणारे नवरे आता सगळ्या थरांत आहेत. ओठावरच्या पाण्याच्या फोडांतून हर्पीस बाईच्या अंगाला लागू शकतो. गरमी आणि परमाही तोंडावाटे पसरतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही तोंडात आणि घशातही राहतो. एचआयव्हीचा धोका मात्र या मार्गानं फारच कमी आहे, तेव्हा भीती घालू नये. तोंडात जखम असली, हिरड्यांतून रक्त येत असलं तर काही आजारांचा धोका वाढू शकतो. आता आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या किती बायका आहेत आणि त्यांच्या हिरड्यांची काय दशा आहे ते आठवा. पण दातांचं शिबिर वेगळ्या दिवशी, बायकांच्या आजारांचं वेगळ्या दिवशी, आणि दोन्हीकडे एकमेकींचा विषय वर्ज्य.

कायद्याचं पाहा. 2013 च्या दुरुस्तीनं बलात्काराच्या व्याख्येत पुरुषानं स्त्रीच्या योनीला तोंड लावणंही आलं, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये ते कायम आहे. तिथे अवयवांची नावं घ्यायला कुणी लाजलं नाही. म्हणजे अत्याचार झाला तर शब्द आहे, राजीखुशीनं झालं तर मौन! आणि त्याच कलमात अठरा वर्षांवरची बायको अपवादात टाकलेली. म्हणजे ज्या घरात बाईनं 'थांब' म्हटलेलं कायदाच ऐकत नाही, तिथे ती रबराचा तुकडा हातात घेऊन काय करणार, हा प्रश्न रास्त आहे. मी तो टाळत नाही. पण मग निरोधचंही तेच आहे, आणि निरोधवर आपण पानभर लिहितो.

या रबराचा जयजयकार करा असं माझं म्हणणं नाही. ते किती संरक्षण देतं यावर पुरेसा अभ्यास झालेला नाही. सिडनीत स्त्रियांशी संबंध ठेवणाऱ्या स्त्रियांच्या पाहणीत ते नियमानं वापरणाऱ्या अगदी मोजक्या निघाल्या. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ते सहसा मिळतही नाही. पण वापरायचं की नाही हे माहिती असलेल्या बाईनं ठरवावं. आणि माहिती काही अवघड नाही. निरोधचं टोक आणि कडा कात्रीनं कापायची, नळी उभी चिरायची, चौकोनी तुकडा होतो. तो एकदाच वापरायचा, उलटा करायचा नाही, धुऊन ठेवायचा नाही. तेल लावायचं नाही, रबर फाटतं. रबराची अॅलर्जी असेल तिनं लॅटेक्सचा वापरू नये. तोंडात किंवा अंगावर फोड, जखम असेल तेव्हा थांबायचं. एवढंच तर त्या सात-आठ ओळींत होतं.

राहिला नावाचा प्रश्न. 'दंतबांध' नको, तो पुन्हा दातांकडेच नेतो. 'पडदा' म्हणावं तर आपल्याकडे बाईच्या पडद्याचं आधीच पुष्कळ झालं आहे. एका प्रशिक्षणात एक आशाताई हसत म्हणाली, 'रबरी रुमाल म्हणा की!' मला तो आवडला. तुमच्या गटात याहून चांगला शब्द निघाला तर कळवा, पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीसाठी मी त्या ओळी पुन्हा पाठवते आहे.