पापणी जन्मतः खाली आहे? ‘मोठेपणी बघू’ म्हणू नका!

बाळाची एक पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली दिसते. घरचे म्हणतात, ‘झोपाळू आहे, वाढेल तशी उघडेल.’ मुलगी असेल तर ‘लग्नाआधी ऑपरेशन करू’ असेही ठरते. हा हिशेब दिसण्याचा झाला. प्रश्न मात्र नजरेचा आहे.

नेमके काय होते?

वरची पापणी उचलणारा ‘लिव्हेटर’ स्नायू नीट तयार झालेला नसतो. याला जन्मजात ‘टोसिस’ म्हणतात. पापणीने डोळ्याची बाहुली झाकली की मेंदूला त्या डोळ्यातून स्पष्ट चित्र मिळत नाही. मग मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. हाच ‘आळशी डोळा’. नजर घडते ती मुख्यतः पहिल्या सात-आठ वर्षांत. विसाव्या वर्षीही पापणी उचलता येते, पण हुकलेली नजर बहुधा परत येत नाही.

शस्त्रक्रिया कशी करतात?

स्नायूत थोडी ताकद असेल तर तो आखूड करतात. ताकद फारच कमी असेल तर सिलिकॉनच्या बारीक दोरीने किंवा मांडीतून काढलेल्या पट्टीने पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. मग मूल भुवई उचलून डोळा उघडते. बाहुली मोकळी असेल तर डॉक्टर सहसा 3 ते 5 वर्षे वयापर्यंत थांबतात. ती झाकलेली असेल तर पहिल्या वर्षातही शस्त्रक्रिया करतात. नंतर झोपेत डोळा किंचित उघडा राहू शकतो, म्हणून मलम लागते. चष्मा किंवा चांगल्या डोळ्यावर पट्टीही लागू शकते. काहींना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

पाबळमध्ये काय व्हायला हवे?

पाबळहून शिक्रापूरमार्गे पुण्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. न दुखणारा डोळा मग मागे पडतो. म्हणून पहिली तपासणी गावातच व्हावी. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई 42 दिवसांत सहा वेळा जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. 2013 मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या 30 आजारांच्या मूळ यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे, पडलेली पापणी मात्र स्वतंत्रपणे नाही. तिची नोंद व्हायलाच हवी. त्यासाठी यंत्र लागत नाही, दोन प्रश्न पुरतात: दोन्ही बाहुल्या पूर्ण दिसतात का? मूल हनुवटी वर करून बघते का?

शंका आली तर मुलाचा समोरून फोटो काढा आणि नेत्रतज्ज्ञांना लवकर भेटा. ऑपरेशन कधी करायचे, ते डॉक्टर ठरवतील. डोळा दाखवायला मात्र उशीर नको.