वाफसा समजला की अर्धी बाग जमली

बियाण्याच्या पाकिटावर ‘वाफसा आल्यावर पेरणी करावी’, ‘उगवणीनंतर विरळणी करावी’ असे छापलेले असते. नव्याने परसबाग करणाऱ्या अनेक भगिनी तिथेच अडतात. हे शब्द हिंगोली जिल्ह्यातल्या शेतांत रोज बोलले जातात. घरात शेती केलेले कोणी बुजुर्ग असतील तर त्यांना जरूर विचारा.

सगळ्यात आधी वाफसा. पाणी दिल्यावर जादाचे पाणी निथळून जाते, मातीत ओल राहते आणि मुळांना हवाही मिळते, ती अवस्था म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबून पाहा. हाताला चिकटली तर थांबा. गोळा झाला आणि खाली टाकताच फुटला, तर वाफसा आहे. गोळाच होत नसेल तर माती कोरडी, आता पाणी द्या. आपली काळी माती फसवी. वरून सुकलेली दिसते, पण बोटभर खाली चांगली ओल असते. दोन्ही वेळा तांब्याभर पाणी ओतून माया केली की पुदिना पिवळा पडतो, कारण मुळे गुदमरतात. कुंडीसाठी काळ्या मातीत तेवढीच वाळू आणि तेवढेच कुजलेले शेणखत मिसळा. वुजूच्या पाण्यात साबण नसतो, ते झाडांना चालते. तेही माती पाहूनच.

आता हळद. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, मग आपल्या अंगणात एक तरी कुंडी हवीच! लावण्यासाठी राखलेला कंद म्हणजे बेणे. खोडाच्या बुडाचा जाड कंद तो जेठा गड्डा, त्याला फुटलेली बोटे ती हळकुंडे. मे-जूनमध्ये डोळा फुगलेले बेणे रुंद तोंडाच्या कुंडीत दोन-तीन बोटे खोल लावा. दोन-अडीच महिन्यांनी कंद मातीबाहेर डोकावू लागले की वर माती चढवायची, ती भरणी. ती राहिली तर उघडे पडलेले कंद नीट पोसत नाहीत. कुंडीत पाणी साचले तर कंदकूज, म्हणजे कंद बुडातूनच सडतो. पुन्हा वाफशाचीच गोष्ट. आठ-नऊ महिन्यांनी पाने वाळली की काढणी.

विरळणी म्हणजे दाट उगवलेली रोपे उपटून उरलेल्यांना जागा करून देणे. मुळ्याला ती हवीच, दोन रोपांत चार बोटे अंतर ठेवा. उपटायला जीव होत नाही, हे खरे. उपटलेला कोवळा पाला डाळीत टाका.

गुलाबाचे रोप घेताना कलम आहे का ते विचारा. कलमात खालचा खुंट जंगली गुलाबाचा असतो आणि त्यावर चांगल्या जातीचा डोळा बांधलेला असतो. जोडाच्या खालून जोमाने फांदी फुटली की आनंद होतो, पण ती खुंटाची. ती वाढू दिली तर चांगला गुलाब मागे पडतो. दिसताच बुडापासून काढून टाका.