पुलपिटाच्या तीन पायऱ्या

आमच्या चर्चच्या पुलपिटाला तीन पायऱ्या आहेत. परवाच्या रविवारी पाळकसाहेब बाहेरगावी होते, म्हणून मंडळीतल्याच एका बाईंनी उपदेश केला. बाई रीतसर सेमिनरीत शिकून बी.डी. झालेल्या आहेत. उपदेश खाली झाला, टेबलाशेजारी, हातात माईक धरून. त्या तीन पायऱ्या त्यांनी चढायच्या नाहीत असं कमिटीच्या बैठकीत ठरलं होतं. त्या बैठकीत मीही होतो. गप्प बसलो होतो. तेव्हा हे उशिरा सुचलेलं शहाणपण आहे असं कुणी म्हटलं तर कबूल आहे.

बैठकीत दोनच मुद्दे निघाले. पौलाने मनाई केली आहे, आणि आपल्या संस्कृतीत हे बसत नाही.

पौलाचं आधी बघू. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय आमच्याकडे सगळ्यांना पाठ (बाकीचा पौल इतका पाठ नसतो!). करिंथकरांच्या चौदाव्या अध्यायात बायकांनी गप्प राहावं असं आहे, तेही ठाऊक आहे. पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या बाईने डोकं झाकावं असं तोच सांगतो. बोलायचंच नसेल तर पदर कशाला सांगितला? रोमकरांच्या सोळाव्या अध्यायात पहिलं नाव फिबीचं आहे, आणि तिच्यासाठी आलेला 'दियाकोनोस' हा ग्रीक शब्द पौल स्वतःलाही लावतो. अपुल्लोससारख्या विद्वान वक्त्याला देवाचा मार्ग नीट समजावून सांगणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती. यावर एक वडील म्हणाले, "ते घरी नेऊन सांगितलं, मंडळीत नव्हे." अहो, तेव्हा मंडळी भरायचीच घरात! पण हे मला घरी आल्यावर सुचलं.

आता संस्कृती. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. आमच्या सहली तिथे जातात, फोटो काढतात आणि परत येतात. या रमाबाईंना 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. ते सगळे पुरुष होते, सगळे हिंदू. पुढे 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात राहिल्या आणि तरुण इंग्रज मुलांना संस्कृत शिकवण्याची गोष्ट निघाली. विरोध कुणी केला? लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांनी! म्हणे पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात बाईंचं नाव खराब होईल. रमाबाईंनी उलट कळवलं की माझ्या आईने आणि मी पुरुषांना शिकवलं तेव्हा ना माझ्या वडिलांनी हरकत घेतली, ना नवऱ्याने. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून अनंतशास्त्री डोंगऱ्यांना स्वतःच्या समाजापुढे जाब द्यावा लागला होता हे खरं. पण ते मागे हटले नाहीत. 'आपली संस्कृती' म्हणून आमच्या बैठकीत जे सांगितलं गेलं ते दोन इंग्रज बिशपांचं म्हणणं आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आणि पुढे याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते साध्या बायकांना कळावं हा त्यांचा हट्ट. 1922 मध्ये त्या गेल्या, 1924 मध्ये ते ग्रंथरूपाने बाहेर आलं. मुक्तीतल्या बायकांनीच ते छापलं. पौलाचं ते मनाईचं वाक्यही त्यांच्या हातून मराठीत उतरलंच असणार. ते लिहून त्या गप्प बसल्या का?

सोलापुरात तरी आपल्याला कुणी शिकवलं? अमेरिकन मराठी मिशनच्या वोरोनोको शाळेत आमच्या आज्या शिकल्या, पेठापेठांतून बायबल-बाया फिरल्या. आजही संडे स्कूल बायका चालवतात, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थनेला बायका जातात. माझ्या आत्याने चाळीस वर्षं संडे स्कूल घेतलं. कमिटीत बसलेल्यांपैकी निम्म्यांना दहा आज्ञा तिने पाठ करून घेतल्यात. बाई दहा वर्षांच्या मुलाला शिकवू शकते, तो वीस वर्षांचा झाला की नाही! हा मुलगा नेमका कोणत्या वाढदिवशी तिच्या वर जातो?

गंमत म्हणजे वर्षातून एकदा आमच्याकडे महिला रविवार असतो. त्या दिवशी याच बाई तिन्ही पायऱ्या चढतात आणि पौल काही म्हणत नाही.

बाहेर जग कुठे गेलंय? 2013 मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाने पुष्पा ललिता यांना बिशप केलं. 2024 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने व्हायोलेट नायक यांना. आणि आम्ही अजून पायऱ्या मोजतोय.

उपासना संपल्यावर मी बाईंना भेटून म्हटलं, उपदेश छान झाला. त्या हसल्या. म्हणाल्या, "खालून मागच्या बाकांवरचे दिसत नाहीत हो."

पुढची बैठक पुढच्या महिन्यात आहे. हा विषय घ्यावा असं लेखी पत्र मी दिलंय. सेक्रेटरींनी ते खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आयत्या वेळच्या विषयांत बघू."