म्हैसूर : नोकरी आणि उमेदवारी

फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर येथील प्रशिक्षण केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना कमी करण्यात आले. तीन संधी मिळूनही ते अंतर्गत परीक्षेत अनुत्तीर्ण झाले, असे कंपनीचे म्हणणे होते, तर पुण्यातील ‘नाइट्स’ या माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे दाद मागितली आणि यांपैकी अनेकांना २०२२ मध्ये नेमणुकीचे पत्र मिळूनही रुजू होण्यासाठी सुमारे दोन वर्षे थांबावे लागल्याकडे लक्ष वेधले. गुणवत्तेचा निकष असावाच; परंतु मंदीतील ही प्रतीक्षा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, तिचा खर्च उमेदवाराचे कुटुंब सोसते.

याच शहरातील आयडियल जावा हा मोटारसायकलींचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तेव्हा कामगारांच्या हाती निदान औद्योगिक विवाद कायदा, १९४७ होता. या कायद्यानुसार छाटणी, म्हणजे शिस्तभंगाखेरीज अन्य कारणाने केलेली सेवासमाप्ती, करताना सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची पूर्वसूचना आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागे. काही महिन्यांचा प्रशिक्षणार्थी या अटीपर्यंत पोहोचतच नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बेरोजगारांना जास्तीत जास्त नव्वद दिवस सरासरी वेतनाच्या निम्मा भत्ता देते खरी, मात्र विम्याची वेतनमर्यादा मासिक २१,००० रुपये असल्याने संगणक क्षेत्रातील बहुतेक पगारदार, विमा नसल्यामुळे, तिच्या कक्षेबाहेरच राहतात. त्यांच्यासाठी उरते ती भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक, आणि नव्या उमेदवारांच्या बाबतीत तीही नाममात्र असते.