'झिंगाट'चा वाद आणि आपली शाळा

यंदाच्या स्नेहसंमेलनाचे कार्यक्रम ठरविण्यासाठी शिक्षकांची बैठक झाली आणि दरवर्षीप्रमाणे गाडी 'झिंगाट'पाशी येऊन थांबली. 'सैराट' चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. ज्या मुलांनी त्या गाण्यावर नाचण्याची परवानगी आमच्याकडे प्रथम मागितली होती, ती आता शिकूनसवरून नोकरीला लागली. गाणे जुने झाले, वाद मात्र दरवर्षी नवा होतो. पालकांकडूनही दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या येतात. तेव्हा आमचे म्हणणे या अंकात एकदाचे मांडून ठेवतो.

गंमत अशी की, भांडणारे दोन्ही पक्ष अजय-अतुल यांचेच चाहते आहेत. ज्यांना मराठी चित्रपटसंगीताशी देणेघेणे नाही ते या वादात पडतच नाहीत. पहिला पक्ष वयाने थोडा वडीलधारा. त्यांनी 'विश्वविनायक' ऐकला तो एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांच्या आवाजासाठी. गणेशोत्सवात तो लागला की आमच्या गल्लीतले तेलुगू शेजारीसुद्धा बालूंचा आवाज ओळखून दारात येऊन उभे राहत. पुढे 'जोगवा' आला. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि 'जीव रंगला'साठी हरिहरन व श्रेया घोषाल या दोघांनाही. २०१० साली 'नटरंग' आला. ज्यांच्या हातून एवढे काम झाले त्यांनी वरातीच्या बँडला शोभेल असे गाणे करावे, याचे या मंडळींना वाईट वाटते. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक नेमका आहे. याच 'सैराट'च्या संगीतासाठी हॉलिवूडला जाऊन मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले गेले. 'सैराट झालं जी' गायला चिन्मयी श्रीपादा आली, जिचा आवाज तेलुगू चित्रपटांमुळे आपल्याकडे घरोघरी ओळखीचा आहे. एवढे सगळे ताटात असताना लोकांनी उचलले काय, तर सर्वांत सोपे.

दुसरा पक्ष तरुण शिक्षकांचा, शिपायांचा आणि अर्थातच मुलांचा. त्यांचे उत्तर असे की, 'कोंबडी पळाली' हे 'जत्रा'तले गाणे २००६ चे, म्हणजे 'जोगवा'च्याही आधीचे. २०१२ साली तीच चाल 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन आली तेव्हा हीच वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगत होती की चाल आपल्या पोरांची आहे. मग घसरण नेमकी कधी झाली? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला अजून कोणी दिलेले नाही.

आम्ही स्वतः आधी पहिल्या पक्षात होतो, हे कबूल केले पाहिजे. चित्रपट आला त्याच्या पुढच्याच संमेलनात मुलांनी हे गाणे मागितले, तेव्हा आम्ही साफ नकार दिला. कारण लिहिले होते, 'शब्द शाळेला शोभणारा नाही.' झिंग म्हणजे नशा, आणि शाळेच्या रंगमंचावर नशेचे गाणे कसे चालेल? मुलांनी मुकाट्याने यादीत बदल केला आणि एका तेलुगू चित्रपटातल्या गाण्यावर नाच बसवला. संमेलन उत्तम झाले. पाहुण्यांनी कौतुक केले, आम्हीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या तेलुगूच्या बाईंनी त्या गाण्याचा अर्थ हळू आवाजात सांगितला. तो येथे देता येणार नाही. एवढे लक्षात आले की, मराठी गाणे आम्ही अडवले ते वाईट होते म्हणून नव्हे, ते आम्हांला समजत होते म्हणून.

संगीताविषयी दोन शब्द. 'वरातीचा बँड' ही शिवी म्हणून वापरली जाते, पण आपण हैदराबादेत राहतो. येथे लग्नात मर्फा वाजतो. निजामाच्या फौजेत हद्रामौतचे अरब आणि आफ्रिकेतले सिद्दी आले, त्यांनी तो आणला. बारकसला त्यांची वस्ती आजही आहे. त्या मर्फ्याचा 'तीन मार'चा ठेका आता धर्म, जात, भाषा काही विचारत नाही, वरातीत वाजतो आणि गणपतीच्या विसर्जनातही वाजतो. टँकबंडवर विसर्जनाच्या दिवशी तीन मारवर नाचणाऱ्या पोरांना मध्येच 'झिंगाट' लावून दिले, तर त्यांचे पाऊल चुकत नाही. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तेलंगणातला डप्पू आणि सोलापूरकडची हलगी या तर सख्ख्या बहिणी. कातडे ताणलेले, काठीने वाजवायचे, आणि वाजवणाऱ्याला गावाने वेशीबाहेर ठेवायचे, हेही दोन्हीकडे सारखेच. सोपे गाणे करणे सोपे असते असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा दोनशे मुलांना एकाच वेळी उठून नाचायला लावून पाहावे. आम्ही कवायतीच्या तासाला तीस वर्षे प्रयत्न करीत आहोत.

आणि शोभण्या-न शोभण्याचे म्हणाल, तर 'पिंजरा' आठवावा. १९७२ सालचा चित्रपट, राम कदम यांचे संगीत, खेबुडकरांचे शब्द, उषा मंगेशकरांचा आवाज. आमच्या लहानपणी त्या लावण्या रेडिओवर लागल्या की घरात कोणीतरी उठून आवाज कमी करी. आता ज्येष्ठ नागरिक संघाच्या कोजागिरीला त्याच लावण्या फर्माईश म्हणून येतात. त्या चित्रपटात तमाशाच्या पायी धुळीला मिळतो तो एक शिक्षक आहे, हे आमच्या पेशातल्या लोकांनी विसरायचे ठरवलेले दिसते. असो.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे या गाण्याच्या हिंदी अवताराविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आहे. २०१८ साली 'धडक' आला. चाल तीच, 'झिंगाट' हा शब्दही तसाच ठेवलेला. ऐकायला वाईट नाही; पण करमाळ्याच्या बोलीतला जो राकट लाडिकपणा आहे तो त्यात उतरला नाही, कारण तो शब्दांत नव्हताच, उच्चारात होता. आमच्या शाळेतली पुष्कळ मुले घरी तेलुगू-हिंदी मिसळून बोलतात आणि मराठी फक्त आजीशी. त्यांनी हे गाणे पाठ केले आणि मग अर्थ विचारायला आमच्या मराठीच्या सरांकडे आली. 'सैराट' म्हणजे काय, हा प्रश्न एका सातवीच्या मुलाने विचारला. व्याकरणाच्या पुस्तकातून असा प्रश्न कधी आलेला नव्हता.

'धडक'ने आणखी एक गोष्ट केली. पळून जाणारे जोडपे त्यात कोलकात्याला जाते. मूळ चित्रपटात ते आपल्याकडे येते, हैदराबादला. याविषयी आपल्या समाजात फारसे कोणी बोलत नाही. आम्ही सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चावडी या भागांतल्या जुन्या मराठी घरांची, १९०७ पासूनच्या विवेक वर्धिनीची, वाचनालयांची गोष्ट अभिमानाने सांगतो. पण त्या दोन पोरांना या शहरात आसरा देते ती आपल्यापैकी कोणी नव्हे. झोपडपट्टीत राहून डोशाची गाडी चालवणारी सुमनअक्का देते. तीही मराठीच. आमच्या शाळेत आज अशा घरांतली मुले आहेत. त्यांचे आईबाप बांधकामावर किंवा हॉटेलात काम करतात, आणि पालकसभेला ते मागच्या बाकावर बसतात. 'झिंगाट' नको म्हणणाऱ्या चिठ्ठ्या मागच्या बाकावरून कधी आल्या नाहीत.

आता मुख्य गोष्ट. चित्रपटात हे गाणे येते ते मुलीच्या घरच्या वाढदिवसाच्या जल्लोषात. सगळे बेभान नाचत असतात, आणि त्याच रात्री ती दोघे पकडली जातात. तेथून पुढे धावाधाव, आणि शेवटी याच आपल्या शहरातल्या एका खोलीत आवाज पूर्ण बंद होतो. संगीतकार जोडीने एवढा गजर केला आणि दिग्दर्शकाने शेवटी सगळे संगीत काढून घेतले. गाणे एकटे उचलून वरातीत वाजवणारे, आणि गाणे एकटे उचलून त्याला नावे ठेवणारे, दोघेही ती शेवटची शांतता वगळतात. आम्हांला दोन्ही पक्षांबद्दल तक्रार आहे ती एवढीच.

ही केवळ पडद्यावरची गोष्ट नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये येथून जवळच मिर्यालगुड्याला एका तरुणाचा भर दिवसा, गरोदर पत्नीच्या डोळ्यांदेखत खून झाला, कारण त्याची जात मुलीच्या वडिलांना चालत नव्हती. मार्च २०२५ मध्ये नलगोंडाच्या न्यायालयाने एकाला फाशीची आणि सहा जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. त्या आठवड्यात शाळेत एकाही पालकाने या विषयावर आमच्याशी बोलणे काढले नाही. गाण्यातल्या झिंगेवर मात्र आम्हांला आजवर अकरा चिठ्ठ्या आल्या आहेत. आम्ही त्या जपून ठेवल्या आहेत.

एका पालकांनी परवा विचारले, 'सर, तुम्ही तर आधी नाही म्हणाला होता, मग आता हो कसे?' त्यांना आम्ही वर लिहिलेलेच सांगितले. त्यांना ते पटले असे वाटत नाही. त्यांची मुलगी नववीत आहे आणि नाचात पहिल्या रांगेत आहे. पुढच्या वर्षी तिला बंदी घालतो असे ते म्हणाले नाहीत, एवढे खरे.

तर यंदा 'झिंगाट' होणार. मूळ मराठीतले, हिंदी नव्हे. ध्वनिफीत लावण्याऐवजी एक डप्पू आणि एक हलगी प्रत्यक्ष वाजेल. डप्पू आमच्या शिपायांचे भाऊ वाजवणार आहेत आणि त्यांचे नाव पत्रिकेत बाकी कलाकारांसारखेच छापले आहे. नववी-दहावीच्या मुलांशी चित्रपटाच्या शेवटाविषयी वर्गात एक तास बोलणे होईल, संमेलनाच्या आधी. त्या तासाला पालकांनीही बसावे. बाके पुढचीही रिकामी ठेवली आहेत आणि मागचीही. तालीम रोज साडेतीन वाजता सभागृहात चालू आहे. शेजारच्या इमारतीतील रहिवाशांनी आवाजाबद्दल निरोप पाठवला होता, तेव्हा खिडक्या बंद ठेवतो असे त्यांना कळवले आहे.