पहिल्या बाळंतपणानंतरचे पाऊल

कोलशेतच्या नव्या संकुलांत एखादी सून बाळंतपणानंतर घट्ट झालेली जोडवी काढून ठेवते, तेव्हा वडीलधारी मंडळी म्हणतात, सूज आहे, उतरेल. सूज उतरते हे खरे. परंतु पाऊल जुन्या मापावर परततेच असे नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी ४९ गर्भवतींच्या पावलांची मापे घेतली आणि प्रसूतीनंतर ५ महिन्यांनी पुन्हा घेतली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ६० ते ७० टक्के स्त्रियांची पावले लांब वा रुंद झालेली आढळली. बदल मुख्यतः पहिल्या गर्भारपणातला.

गर्भावस्थेत संप्रेरकांमुळे अस्थिबंध सैलावतात, त्यात वजनाची भर पडते. तळपायाची कमान खाली बसते आणि तिला तोलून धरणारी, घोट्याच्या आतील बाजूची कंडरा दुखू लागते. तेव्हा मंदिराच्या संगमरवरी फरशीवर अनवाणी उभी असलेली सून टाच ठणकते म्हणाली, तर तो आळस नव्हे. तिला खुर्ची द्यावी. जुन्या चपलांचा आग्रहही सोडावा. कातडे वर्ज्य मानणाऱ्या घरांना कमानीला आधार देणारी कापडी वा रबरी पादत्राणे सहज मिळतात.

मात्र गरोदरपणी चेहरा व हात एकाएकी सुजले, डोके फार दुखले, दृष्टी अंधुक झाली किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.